बातमी चांगली, मग भाव का पडला?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्रिप्टोत मोठी बातमी आली की तासाभरात आमच्याकडे एकच प्रश्न येतो : "बातमी तर चांगली आहे, आता घेऊ का?" आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जोडप्रश्न : "चांगल्या बातमीवर भाव पडलाच कसा?" दोन्हींचे उत्तर एकच आहे. ते दर वेळी फोनवर सांगण्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे पत्रक.

बाजारात भाव बातमीचा नसतो, अपेक्षेचा असतो. एखादी गोष्ट होणार असे पुरेशा लोकांना वाटू लागले की ते आधीच खरेदी करून बसतात. प्रत्यक्ष घोषणेच्या दिवशी नवा खरेदीदार उरत नाही, जुने मात्र नफावसुलीला निघतात.

10 जानेवारी 2024 चे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (तिथला बाजार नियामक) त्या दिवशी स्पॉट बिटकॉइन ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन ठेवणाऱ्या आणि शेअर बाजारात घेता येणाऱ्या फंडांना, मंजुरी दिली. किती वर्षे वाट पाहिलेली बातमी! दुसऱ्या दिवशी भाव चढून 49 हजार डॉलरला टेकला आणि दोन आठवड्यांच्या आत 40 हजारांच्या खाली गेला. कारण ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला 28 हजारांच्या आसपास असलेला बिटकॉइन मंजुरीच्या आशेवरच 46 हजारांपर्यंत आलेला होता. त्यात ग्रेस्केल या कंपनीच्या जुन्या बिटकॉइन ट्रस्टचे ईटीएफमध्ये रूपांतर झाले आणि तिथे अडकलेल्यांना बाहेर पडायला वाट मिळाली. पुढे ईटीएफमध्ये अंदाजापेक्षा जास्त पैसा येऊ लागला, तेव्हा मार्चमध्ये भावाने 73 हजार ओलांडले. म्हणजे तेजीवाल्यांचे चुकले नव्हते. ज्यांनी घोषणेच्या क्षणी उडी मारली आणि दोन आठवड्यांत घाबरून विकले, त्यांचे तेवढे चुकले.

एल साल्वादोरमध्ये 7 सप्टेंबर 2021 रोजी बिटकॉइन अधिकृत चलन झाले, त्याच दिवशी भाव 52 हजारांवरून 43 हजारांच्या आसपास घसरला. हाल्विंगची (नव्या बिटकॉइनचा पुरवठा निम्मा होण्याची) तारीख तर साधारण चार वर्षे आधीपासून सगळ्यांना ठाऊक असते. तरी "हाल्विंगच्या दिवशी घेऊ" म्हणणारे आम्हाला दर वेळी भेटतात.

आता सर्रास होणाऱ्या एका चुकीबद्दल. बातमी मोबाइलवर दिसताच मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच घेण्याची ऑर्डर) टाकणे. त्या काही मिनिटांत ऑर्डर बुकमध्ये (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या यादीत) नेमके काय होते ते पाहा. एरवी दोन्ही बाजूंना भाव लावून बसणारे मोठे सौदेकरी आपल्या ऑर्डर काढून घेतात, कारण भाव कुठे जाईल हे त्यांनाही ठाऊक नसते. बुक विरळ होते. तुमची मार्केट ऑर्डर समोर जे मिळेल ते उचलत वरच्या भावांत चढत जाते आणि स्क्रीनवर दिसलेला भाव हाती पडतच नाही. लीव्हरेज घेतलेले असेल, म्हणजे उसन्या पैशावर सौदा असेल, तर उलटा झटका आला की लिक्विडेशनची, म्हणजे एक्स्चेंजने सौदा बळजबरीने बंद करण्याची, पाळी येऊ शकते. शिवाय बातमी खरी आहे का, हेही तपासलेले नसते. वर सांगितलेल्या मंजुरीच्या आदल्याच दिवशी त्याच कमिशनच्या सोशल मीडिया खात्यावर मंजुरीची खोटी पोस्ट पडली. भाव 48 हजारांच्या जवळ गेला, खाते हॅक झाल्याचे जाहीर होताच 45 हजारांकडे आला. मधल्या मिनिटांत ज्यांनी घेतले, त्यांचे वरातीमागून घोडे, वरातसुद्धा खोटीच.

म्हणून घोषणेच्या दिवशी आम्ही नवीन सौद्याचा सल्ला देत नाही. "तुम्ही फार सावकाश आहात" हे आम्ही पुष्कळ ऐकले आहे. त्या दिवशी सावकाश राहण्याचेच आम्ही पैसे घेतो म्हणा हवे तर. आमचे काम घोषणेच्या आधी होते : बाजार ती बातमी भावात आधीच किती धरून बसला आहे, हे मोजण्याचे.

त्यासाठी आम्ही आधीच्या काही आठवड्यांतली भाववाढ, फ्युचर्समधला (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांतला) ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून बंद न झालेले सौदे, आणि फंडिंग रेट, म्हणजे त्या सौद्यांत एका बाजूने दुसरीला द्यायचा आकार, पाहतो. फंडिंग बऱ्याच एक्स्चेंजवर दर आठ तासांनी आकारले जाते. ते धन असेल तर लाँगवाले (भाव वाढेल म्हणणारे) शॉर्टवाल्यांना (पडेल म्हणणाऱ्यांना) पैसे देतात, म्हणजे गर्दी तेजीच्या बाजूला आहे. पण हा आकडा एकटा वाचू नका. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनच्या (तिचे कॉइन इथर) 'मर्ज' नावाच्या तांत्रिक बदलाआधी फंडिंग चांगलेच ऋण होते. वरवर पाहता ती मंदी. प्रत्यक्षात त्या वेळी ब्लॉकचेनची फूट झाली तर मिळणाऱ्या नव्या कॉइनसाठी अनेकांनी इथर हाती धरले होते आणि जोखीम झाकायला फ्युचर्समध्ये शॉर्ट केले होते. 15 तारखेला मर्ज सुरळीत पार पडले, इथर धरून ठेवण्याचे ते कारण संपले आणि 1,600 डॉलरच्या आसपासचा इथर महिना संपायच्या आत 1,300 च्या घरात आला.

आमच्याकडून ठरलेल्या घोषणांचे वेळापत्रक आणि प्रत्येक मोठ्या घोषणेआधी एक टिपण सभासदांना मिळते. ते हाती आल्यावर तीन गोष्टी लिहून पाठवा : कोणत्या भावाला घ्यायचे, किती रकमेचे, आणि अंदाज चुकला तर कुठे बाहेर पडायचे. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावालाच घेण्याची ऑर्डर) आणि स्टॉप लॉस (तोटा रोखायला बाहेर पडण्याचा भाव) कुठे लावायचा ते आम्ही तपासून कळवू. ऑर्डर तुमच्याच खात्यातून तुम्हीच टाकायची, तुमचे पैसे किंवा पासवर्ड आम्ही कधीही मागत नाही. सभासद नसलात तरी पहिले टिपण मागवून पाहा.

हे सगळे तारीख ठरलेल्या घोषणांसाठी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाले, तशा बातमीचे वेळापत्रक नसते आणि ती भावात आधी आलेलीही नसते. तसे काही झाले आणि तुमचे कॉइन बुडणाऱ्या एक्स्चेंजवर असतील, तर टिपणाची वाट पाहू नका, लिहून पाठवत बसू नका. थेट फोन करा.