पथकर, मालवाहनांवरील

पथकर, मालवाहनांवरील : रस्ता, घाट, पूल किंवा बोगदा वापरल्याबद्दल मालवाहू वाहनाकडून घेतले जाणारे शुल्क. रोजच्या बोलण्यात याला ‘टोल’ आणि तो भरण्याच्या जागेला ‘टोलनाका’ म्हणतात. पथकर प्रवासी मोटारींवरही बसतो, पण त्याचा खरा भार ट्रक, ट्रेलर व टँकर यांवर असतो. ही नोंद मुख्यतः या वाहनांच्या चालकांच्या बाजूने लिहिली आहे. तिच्यात मुंबईच्या वेशीवरचे नाके आणि यूरोप व आखातातील महामार्ग यांचा विचार केला आहे.

‘पथकर’ आणि ‘जकात’ या दोन संज्ञांची गल्लत फार होते. जकात मालावर बसते, पथकर वाहनावर. ‘जकात’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ धार्मिक दान असला, तरी मराठीत तो व्यापारी मालावरील कर या अर्थानेच रुळला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत एखाद्या ठिकाणी उतरणाऱ्या मालावर ‘थळमोड’ आणि तेथून भरून जाणाऱ्या मालावर ‘थळभरीत’ असे प्रकार आढळतात. नुसत्या वाटचालीबद्दलचा कर ‘राहदारी’ या फार्सी नावाने ओळखला जाई. आजच्या टोलला जवळचा शब्द शोधायचा, तर तो ‘राहदारी’ हाच होय. मुंबईत मात्र दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या परिसरात जकात व टोल दोन्ही भरावे लागत, त्यामुळे जुन्या चालकांच्या तोंडी ‘नाका’ हा एकच शब्द दोन्हींसाठी बसला.

प्राचीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘वर्तनी’ नावाचा कर सांगितला आहे. सीमेवरचा अधिकारी अंतपाल याने तो घ्यायचा असे. मालाच्या गाडीला सव्वा ‘पण’ (त्या काळचे नाणे), घोड्यासारख्या एका खुराच्या जनावराला एक पण, गुराला अर्धा पण, लहान जनावराला पाव पण आणि खांद्यावरच्या ओझ्याला एक माषक (पणापेक्षा लहान नाणे), असा दर आहे. वाहनाच्या भारक्षमतेनुसार चढता दर हे आजच्या धुऱ्यांच्या (ॲक्सलच्या) हिशेबाचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. वाटेत माल हरवला किंवा चोरीस गेला, तर त्याची भरपाईही अंतपालानेच करायची, असे त्याच ठिकाणी म्हटले आहे. कर घेणाऱ्यावर वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकणारा हा नियम आधुनिक टोलच्या चर्चेत फारसा आठवला जात नाही. तो आठवला जावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. परंपरेने तो मौर्यकालीन मानला जातो. सध्याच्या स्वरूपातील संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली असावी, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते.

महाराष्ट्रापुरता वादाचा विषय आहे तो नाणेघाटातील रांजण. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल या घाटाने जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण आहे. वर येणारे व्यापारी त्यात कराची नाणी टाकीत आणि त्यावरूनच घाटाला नाव पडले, असे परंपरा सांगते. ही समजूत इतकी घट्ट आहे की मुंबईहून सहलीला जाणाऱ्या शाळकरी मुलांनाही हा ‘पहिला टोलनाका’ म्हणूनच दाखवला जातो.

या समजुतीला तीन बाजूंनी तपासता येते. पहिली बाजू शिलालेखाची. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी संबंधित मानला जाणारा मोठा ब्राह्मी लेख असून भिंतीवर सिमुक सातवाहन, श्रीसातकर्णी आदींच्या प्रतिमांच्या वर कोरलेली नावे आहेत. प्रतिमा आता नष्ट झाल्या आहेत. भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांनी या लेखाचा अभ्यास केला. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद आहे. नाण्यांचे हे आकडे यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आहेत, कराचे नाहीत. लेखाचा काळ ब्यूलर यांनी इ. स. पू. दुसऱ्या शतकात धरला होता. नंतरच्या बहुतेक अभ्यासकांचा कल इ. स. पू. पहिल्या शतकाकडे आहे आणि अक्षरांच्या वळणाच्या दृष्टीने तोच योग्य वाटतो. दुसरी बाजू नावाची. ‘नाणे’ हा शब्द नाण्यावरून आला हे सरळ दिसते, पण घाटाशेजारच्या सुळक्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. त्यामुळे ‘नाना’ या नावावरून व्युत्पत्ती सांगणारी कथाही तितकीच प्रचलित आहे. तिसरी बाजू खुद्द रांजणाची. घाटात ठिकठिकाणी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. दमून वर आलेल्या माणसांसाठी व जनावरांसाठी पाणी साठवण्याचे भांडे म्हणूनही रांजणाचा उपयोग संभवतो. एवढ्या महत्त्वाच्या घाटात कर घेतला जात असणार, हे मान्य करण्यास हरकत नाही. त्यासाठी रांजणाचाच पुरावा धरणे मात्र सावधपणाचे नाही.

मुंबई बेटावरील वाटा : शीव येथील बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात १७९८ मध्ये सुरू झाला. तो पुरा झाल्याचे साल कोठे १८०३, तर कोठे १८०५ असे मिळते. त्यावरून जाणाऱ्या गाड्यांवर कर होता आणि तो १८३१ च्या सुमारास उठला. माहीमचा बांध १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी सुमारे १,५७,००० रुपये दिले, ते सरकारने तेथे कर घेऊ नये या अटीवर, असे सांगतात. १८५१ चा टोल कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८७५ चा रस्ते व पुलांवरील टोल कायदा यांनी पुढच्या वसुलीला कायदेशीर चौकट दिली.

आधुनिक काळ : महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. मुंबईतील उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर नाके उभे राहिले : दहिसर, लालबहादूर शास्त्री मार्गावरील मुलुंड, पूर्व द्रुतगती मार्गावरील मुलुंड (आनंदनगर), ऐरोली आणि वाशी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण वापरात आला.

महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच बंद झाली. तोवर ट्रकच्या चालकाला वेशीवर मालाची बिले दाखवून, अनेकदा दलालामार्फत, कागद करून घ्यावे लागत. ताडपत्रीखाली काय आहे यावरून वाद होत आणि गाडी तासन्‌तास उभी राही. ती रांग संपणे हा मुंबईच्या मालवाहतुकीतला मोठा बदल होता. टोल मात्र राहिला. राज्यात १ जून २०१५ पासून १२ नाके बंद करून आणखी ५३ नाक्यांवर मोटारी, जीप व एसटी बस यांना सूट मिळाली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. दोन्ही वेळा मालवाहू ट्रक या सवलतीतून वगळले गेले. ट्रकचा टोल भाड्यात मिळतो, असे त्याचे समर्थन केले जाते. ज्याच्याकडे शंभर गाड्या आहेत त्याच्याबाबत हे खरे असेल. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याला भाडे बाजारात ठरते तेच घ्यावे लागते आणि वाढलेला टोल त्याच्या घरखर्चातून जातो.

राष्ट्रीय महामार्गांवरील आकारणी २००८ च्या नियमांनुसार होते. चार पदरी रस्त्यासाठी २००७-०८ चा पायाभूत दर प्रतिकिलोमीटर असा होता : मोटार ०.६५ रु., दोन धुऱ्यांचा ट्रक २.२० रु., तीन धुऱ्यांचा २.४० रु., चार ते सहा धुऱ्यांचा ३.४५ रु., सात किंवा अधिक धुऱ्यांचा ४.२० रु. यात दरवर्षी ठोक ३ टक्के आणि घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के एवढी भर पडते.

फास्टॅग : १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला, तर महाराष्ट्रातील राज्य नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून. काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली ही पट्टी बॅटरीविना चालते. नाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडते, त्यांच्याच ऊर्जेवर पट्टीतील चिप आपला क्रमांक परत पाठवते आणि बँकेतून पैसे वळते होतात. ऊर्जा उसनी असल्यामुळे अंतर थोडेच चालते. नेहमीच्या नाक्यावर अडथळा उघडेपर्यंत गाडी हळूही करावी लागते. चिरलेली काच, तिच्यावर साचलेली सिमेंटची धूळ किंवा पट्टीशेजारी लावलेला धातूचा देव्हारा यांनीही वाचन चुकते. पट्टी चालत नसेल, तर रोखीने दुप्पट शुल्क पडते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट आकारणी होते. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवर (सुमारे २१.८ किमी) अडथळा न ठेवता चालत्या गाडीची वसुली होते.

रोखीच्या काळात मालक चालकाला निघतानाच खर्चाची रक्कम देई. परतल्यावर पावत्यांची चळत समोर ठेवायची आणि हिशेब द्यायचा, अशी रीत होती. पावती हरवली तर पैसे पगारातून जात. कळंबोली, वडाळा, न्हावाशेवा परिसरात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांत सनशेडला रबर लावून खोचलेल्या फिकट पावत्या अजून दिसतात. फास्टॅगचा संदेश मालकाच्या फोनवर जातो आणि चालकाला समोरचा दिवा हिरवा झाला की लाल, एवढेच कळते. खात्यात शिल्लक नसली तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत मालकाला फोन लावण्याचे काम मात्र त्याचेच असते.

परदेशातील पद्धती : कोकणातून आणि मुंबईतून आखातात चालक म्हणून जाण्याची परंपरा जुनी आहे. दुबईत १ जुलै २००७ पासून ‘सालिक’ ही अडथळाविरहित पद्धत आहे. कमानीखालून जाताना काचेवरची पट्टी वाचली जाते. फास्टॅगची सवय असलेल्याला ती लगेच समजते. यूरोपचे तसे नाही.

यूरोपात तीन तंत्रे शेजारी शेजारी नांदतात. इटलीत १९२४ मध्ये मिलानहून सरोवरांकडे जाणारा शुल्कमार्ग सुरू झाला. इटली व फ्रान्समध्ये अजूनही प्रवेशाला तिकीट किंवा यंत्रनोंद आणि बाहेर पडताना अंतरानुसार शुल्क, ही बंद पद्धत चालते. समृद्धी महामार्गाची पद्धत याच जातीची आहे. दुसरे तंत्र ऑस्ट्रियाचे. तेथे १ जानेवारी २००४ पासून ३.५ टनांहून जड वाहनांना काचेवर ‘गो-बॉक्स’ लावावा लागतो आणि कमानी ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरींनी त्याच्याशी बोलतात. तिसरे जर्मनीचे. २००३ मध्ये सुरू व्हायची ही योजना तांत्रिक अडचणींमुळे लांबली आणि १ जानेवारी २००५ रोजी १२ टन व त्यावरील वाहनांसाठी लागू झाली. यात ट्रकमधील यंत्र उपग्रहाच्या आधारे स्वतःचे स्थान ओळखून अंतर मोजते. नाका नाही, थांबणे नाही. २०१५ मध्ये ती ७.५ टनांपर्यंत खाली आली, १ जुलै २०१८ पासून सर्व संघीय रस्त्यांवर पसरली, डिसेंबर २०२३ मध्ये कार्बन उत्सर्जनाचा भाग तिच्यात मिळवला गेला आणि १ जुलै २०२४ पासून ३.५ टनांवरील वाहने तिच्या कक्षेत आली. या रस्त्यांच्या कडेला उभे असलेले निळे तपासणी-खांब नवखे चालक वेग मोजणारे कॅमेरे समजतात.

स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २००१ पासूनचे शुल्क देशातील सर्व रस्त्यांना लागू आहे. अंतर, कमाल वजन आणि उत्सर्जनाची श्रेणी यांच्या गुणाकाराने ते ठरते. त्याच सुमारास तेथील ट्रकची वजनमर्यादा २८ वरून ३४ आणि २००५ मध्ये ४० टनांवर नेण्यात आली. म्हणजे शुल्काबरोबर वाहतूकदाराच्या पदरात काहीतरी पडले. फ्रान्सने ट्रकवर असाच कर आणायचे ठरवले, तेव्हा २०१३ मध्ये ब्रिटनी प्रांतात लाल टोप्या घातलेले शेतकरी व वाहतूकदार रस्त्यावर उतरले. योजना आधी स्थगित झाली आणि २०१४ मध्ये सोडून देण्यात आली. दक्षिण आफ्रिकेच्या गाउटेंग प्रांतातील इलेक्ट्रॉनिक टोलही लोकांनी भरायला नकार दिल्यानंतर १२ एप्रिल २०२४ रोजी बंद झाला.

चालकाची जबाबदारी : भारतीय नियमांत शुल्क ‘चालक, मालक किंवा वाहनाचा ताबा असलेली व्यक्ती’ यांनी द्यायचे असते. व्यवहारात भार मालकाच्या खात्यावर पडतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या कायद्यांत चालक व मालक एकत्रितपणे देणेकरी ठरतात, हे परदेशी गेलेल्या चालकाने नीट समजून घ्यायला हवे. निघण्यापूर्वी यंत्रात धुऱ्यांची बरोबर संख्या भरणे हे तेथे त्याचे काम आहे. रिकामा ट्रेलर सोडून नुसता ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा भाग) घेऊन निघाला तरी आकडा बदलावा लागतो. इंग्लंडमधील डार्टफर्डच्या टेम्स नदीवरील ओलांडणीवर नोव्हेंबर २०१४ पासून पैसे भरण्याची खिडकीच नाही. दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत शुल्क ऑनलाइन भरावे लागते आणि विसरल्यास दंडाची नोटीस येते.

ऑस्ट्रियातील गो-बॉक्स प्रत्येक कमानीखाली आवाज करतो. एकदा वाजला तर शुल्क नीट कापले गेले. दोनदा वाजला तर कापले गेले, पण शिल्लक कमी आहे किंवा यंत्र तपासायला हवे. चारदा वाजला तर कापलेच गेले नाही. मुळीच वाजला नाही, तर पेटी बिघडलेली. चारदा आवाज आल्यास किंवा आवाजच न आल्यास ठरलेल्या मुदतीत जवळच्या विक्रीकेंद्रावर जाऊन राहिलेले शुल्क भरायचे असते. ते न भरल्यास येणारा दंड मूळ शुल्काच्या कित्येक पट असतो आणि तपासणी पथक तो जागेवरच, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडून, वसूल करू शकते.