बहिष्कार सरकारचा, निर्णय कोणाचा?

‘सरकारने बहिष्कार जाहीर केला की संघ घरी बसतो,’ हा समज मडगाव-म्हापशाच्या फुटबॉलच्या गप्पांत सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. ऑलिंपिकचे आमंत्रण सरकारला नव्हे, राष्ट्रीय ऑलिंपिक समितीला येते; खेळाडूंच्या प्रवेशिकाही तीच पाठवते. 1980 साली ब्रिटिश संसदेने 315 विरुद्ध 147 मतांनी मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्काराच्या बाजूने कौल दिला, तरी ब्रिटिश ऑलिंपिक समितीने संघ पाठवला. ब्रिटनचे हॉकीवाले मात्र स्वतःहून थांबले.

2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला अमेरिका व ब्रिटनने चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुरांवरील अत्याचारांवरून मंत्री-अधिकारी तेवढे पाठवले नाहीत; खेळाडू गेले. गलवानच्या चकमकीतल्या चिनी सैनिकाला मशालवाहक केल्यावरून भारताने उद्घाटन-समारोप टाळला, पण स्कीपटू आरिफ खान स्पर्धेत उतरला.

फुटबॉलमध्ये बाहेरचा हात अंगाशी येतो. ऑगस्ट 2022मध्ये फिफाने त्रयस्थ (म्हणजे महासंघाबाहेरच्यांच्या) हस्तक्षेपावरून भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, तेव्हा मडगावच्या फातोर्ड्यातले 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामनेही धोक्यात आले. 26 ऑगस्टला निलंबन उठले, म्हणून ते वाचले.

सरकार हतबल नसते, हेही खरे. निधी आणि पासपोर्ट त्याच्या हातात असतात. 1980 साली अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी मॉस्कोला जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंचे पासपोर्ट रद्द करण्याचीच धमकी दिली होती.