वसंतातली कंदफुलं कुंडीत लावणं (मुंबई)

ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, क्रोकस ही जी फुलं कांद्यातून येतात आणि थंडी सरता सरता फुलतात त्यांना नर्सरीवाले स्प्रिंग बल्ब म्हणतात. ते जमिनीत न लावता गच्चीवर, बाल्कनीत नाहीतर खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीत लावायची ही पद्धत. थंड देशात सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये कांदे मातीत पुरले की माळी मोकळा, पुढचं काम थंडी करते आणि मार्च-एप्रिलला फूल वर येतं. मुंबईत ती थंडीच नाही, त्यामुळे इथे हा प्रकार दोन अगदी वेगवेगळ्या वाटांनी चालतो: एक म्हणजे परदेशी कांद्यांना फ्रिजमध्ये ठेवून एका सीझनपुरतं फुलवणं, आणि दुसरी म्हणजे जे कांदे थंडीऐवजी कोरडेपणावर झोपतात आणि चैत्र-वैशाखात किंवा पहिल्या पावसात उठतात ते लावणं. पहिलीचे फोटो जास्त फिरतात, पण टिकते दुसरीच.

कुंडीबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. युरोपात कुंडी ही कांद्यासाठी जमिनीपेक्षा धोक्याची जागा मानतात, कारण जमिनीतला कांदा खोल आणि सुरक्षित असतो तर कुंडीत गारठा चारही बाजूंनी आत शिरतो, मुळं गोठतात, मातीची कुंडी तडकते, म्हणून तिथले लोक कुंड्यांना गोणपाट गुंडाळतात किंवा त्या भिंतीला चिकटवून ठेवतात. मुंबईत बरोबर उलटं. इथे जमिनीतल्या कांद्याला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस सोसावा लागतो आणि त्यात नाजूक कांदा सडतो, कुंडी मात्र उचलून जिन्याखाली ठेवता येते. ऊन वाढलं की पूर्वेच्या खिडकीत, पाऊस लागला की छपराखाली, विश्रांती द्यायची तर कोपऱ्यात आडवी.

थंडी कशाला लागते

सप्टेंबरात ट्यूलिपचा कांदा उभा कापून बघितला तर पांढऱ्या मांसल थरांच्या मधोमध एक इवलीशी कळी दिसते, तिच्यात पुढच्या फुलाचे सगळे भाग तयार असतात. म्हणजे फूल बनायला थंडी लागत नाही, ते उन्हाळ्यातच आत बनून बसलेलं असतं. थंडी लागते ती देठ लांबायला. गारठ्यात कांद्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, वाढीच्या हार्मोनचं गणित बदलतं आणि मग ऊब मिळाली की देठ सरळ वर येतो. ट्यूलिपला त्यासाठी साधारण २ ते ९ अंश सेल्सियसमध्ये १२ ते १६ आठवडे लागतात, डॅफोडिलला जवळपास तेवढेच, हायसिंथला १० ते १४. ही सवय मूळ गावाची आहे, जंगली ट्यूलिप मध्य आशियातल्या तिएन शान वगैरे डोंगरांतले, तिथे कडक बर्फाळ हिवाळा आणि कोरडा उन्हाळा, हायसिंथ तुर्कस्तान-सीरिया-लेबनॉन पट्ट्यातला. युरोपात ट्यूलिप ऑटोमन तुर्कांकडून गेला, १५९३ मध्ये क्लुसियस हा वनस्पतीशास्त्रज्ञ नेदरलँड्समधल्या लायडनला आला आणि त्याने तिथल्या बागेत कांदे लावले, आणि १६३७ मध्ये नेदरलँड्सला याच कांद्यांच्या सट्ट्यात लोकांचे हात पोळले, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असतेच.

आता मुंबई बघा. सांताक्रूझला जानेवारीचं सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास, कुलाब्याला त्याहून दोनेक अंश जास्त, आणि दुपारी ३० सहज. सांताक्रूझचा थंडीचा रेकॉर्ड २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. म्हणजे ट्यूलिपला सलग तीन महिने जे लागतं ते मुंबईने नोंदीत दाखवलंय ते मोजक्या पहाटांपुरतं. थंडी अपुरी पडली तर कांदा मरत नाही, पानं छान येतात, पण फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बुटकं उमलतं किंवा कळी आतल्या आत वाळून कागद होते. काहीजण रोज सकाळी कुंडीत बर्फाचे खडे टाकतात, त्याने माती ओली होते आणि बर्फ टाकणाऱ्याला बरं वाटतं, बाकी काही होत नाही.

फ्रिजची वाट

कांदे साधारण दसरा-कोजागिरीच्या सुमारास फ्रिजात जातात, भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत नाहीतर जाळीच्या पिशवीत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम सुटतो आणि बुरशी धरते. फ्रीझरमध्ये ठेवायचे नाहीत, तिथे कांदा गोठून नंतर पिळपिळीत होतो. सगळ्यात मोठी अडचण शेजाऱ्यांची, म्हणजे त्याच कप्प्यातली फळं. सफरचंद, केळी, पेर पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कांद्यातली तयार कळी मरते, बाहेरून कांदा ठणठणीत दिसतो आणि फेब्रुवारीत नुसती पानं. त्यामुळे तीन महिने फळं दुसऱ्या कप्प्यात किंवा बाहेर, आणि हे घरातल्या सगळ्यांना पटवणं हा या छंदाचा खरा अवघड भाग आहे.

अजून एक, पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत" असं लिहायचंच. डॅफोडिलचा कांदा दिसायला थेट स्वयंपाकाच्या कांद्यासारखा आणि त्यात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेला की उलट्या सुरू, आणि असा चुकून कांदा खाल्ल्याच्या घटना परदेशात झालेल्या आहेत. सकाळी घाईत पोह्यांसाठी हात घालणाऱ्याला फरक कळणार नाही. हायसिंथचे कांदे हाताळताना हाताला खाज सुटते, हातमोजे घातलेले बरे.

डिसेंबर-अखेर ते संक्रांत या काळात, म्हणजे मुंबईला जी काय थंडी असते तेव्हा, कांदे कुंडीत येतात. दहा इंची कुंडीत ५-६ ट्यूलिप बसतात, जमिनीत ठेवतो तेवढं अंतर लागत नाही, फक्त एकमेकांना आणि कुंडीला टेकू द्यायचे नाहीत. ट्यूलिपच्या कांद्याची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करायची, कारण पहिलं मोठं पान त्याच बाजूने फुटतं आणि मग सगळी पानं बाहेरच्या अंगाला झुकून मधे फुलं मोकळी राहतात. खोली कांद्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट. माती मोकळी हवी: लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं गांडूळखत आणि निचऱ्याला जाडी रेती किंवा पर्लाइट (पांढरे हलके खडे). नुसती लाल माती पाणी घातल्यावर विटेसारखी बसते आणि कांदा गुदमरतो. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात तापते, त्यापेक्षा मातीची किंवा फिक्या रंगाची, आणि जमलं तर लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओलं कोकोपीट भरायचं, मुळं गार राहतात. सकाळचं ऊन, दुपारी सावली. फूल साधारण महिन्याभरात येतं आणि मुंबईच्या उबेत ते फार दिवस राहत नाही, थंड देशातल्यापेक्षा खूपच लवकर पाकळ्या गळतात.

हल्ली आधीच थंडी दिलेले, म्हणजे प्री-चिल्ड कांदे ऑनलाइन मिळतात, ते घेतले तर फ्रिजचा खटाटोप वाचतो, मात्र आल्या आल्या लावायचे, कुरिअरच्या खोक्यात पडून राहिले की मिळवलेली थंडी वाया जाते. दिल्लीत फेब्रुवारीत शांतिपथावर जे ट्यूलिप दिसतात तेही आयात केलेल्या कांद्यांचेच, आणि दिल्लीची थंडी मुंबईपेक्षा कितीतरी बरी. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेलं ट्यूलिप गार्डन मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, तिथे थंडी फुकट आहे.

पुढच्या वर्षी तोच कांदा फुलेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. मुंबईत नाही. फूल गेल्यावर पानं पाचसहा आठवडे हिरवी राहून कांदा पुन्हा भरावा लागतो आणि इथे मार्चचं ऊन पानं आधीच वाळवून टाकतं, हाती उरतात दोनतीन चिमुकले कांदे ज्यांना फुलायचं बळ नसतं. ते कंपोस्टमध्ये टाकावेत. मुंबईत ट्यूलिप लावणाऱ्याने आपण एका गुच्छाचे पैसे मोजतोय असं समजून तो लावावा, मग मजा येते.

थंडी न मागणाऱ्यांत पेपरव्हाइट नार्सिसस हा डॅफोडिलचा भाऊबंद आहे, तो खड्यांवर नुसत्या पाण्यातही महिना-दीड महिन्यात फुलतो, वास मात्र इतका उग्र की बंद खोलीत काहींना सहन होत नाही. ग्लॅडिओलसलाही फ्रिज लागत नाही, दिवाळीच्या आसपास लावला की जानेवारी-फेब्रुवारीत दांडे येतात, वाऱ्याने पडू नयेत म्हणून काठीचा आधार द्यायचा. रॅननक्युलस, ॲनिमोन, फ्रिझियाची पाकिटं विकायला असतात, पण ते पुण्या-नाशिककडे जास्त सोपं.

आपल्याकडचा वसंत

मुंबईत मार्च ते जून या काळात आपोआप फुलणारे कांदे आहेत आणि मराठी घरांत ते वर्षानुवर्षं डालड्याच्या डब्यात, फुटक्या बादलीत सुखाने जगत आलेत, कुणी त्यांना स्प्रिंग बल्ब म्हणत नाही एवढंच. यातले बहुतेक पाहुणेच आहेत पण उष्ण देशांतून आलेले: नर्सरीत अमॅरिलिस म्हणून मिळणारी हिपिॲस्ट्रम दक्षिण अमेरिकेची, फुटबॉल लिली आफ्रिकेची, रेन लिली अमेरिका खंडांतली.

हिपिॲस्ट्रमचा कांदा मातीत पूर्ण पुरायचा नसतो, मान आणि वरचा एकतृतीयांश भाग बाहेर ठेवायचा, कुंडी कांद्यापेक्षा दोनतीन बोटं मोठी पुरते. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद केलं, पानं पिवळी पडू दिली, आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा सुरू केलं की कांद्याच्या मानेशी टोक दिसतं. टोक चपटं आणि अरुंद असेल तर पान, जाडसर, बोथट आणि किंचित लालसर असेल तर कळीचा दांडा. दांडा पोकळ असतो, भराभर वाढतो आणि उजेडाकडे वाकतो, म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवायची. एका दांड्यावर दोन ते चारपाच भोंग्यासारखी फुलं. फूल गेल्यावर दांडा कापा, पानं कापू नका, पावसाळाभर तीच पुढच्या वर्षीचं फूल आत तयार करत असतात.

फुटबॉल लिलीची तऱ्हा वेगळी. हिवाळ्यात तिचं सगळं वरचं अंग नाहीसं होतं आणि कुंडी रिकामी दिसते, मग घरातलं कुणीतरी त्यात मेथी पेरतं. मे महिन्याच्या उकाड्यात एक दिवस जांभळ्या ठिपक्यांचा जाड देठ माती फोडून वर येतो आणि काही दिवसांत त्यावर शेदीडशे बारीक लाल फुलांचा गोल चेंडू उघडतो. वर्षातून एकदाच. या कुंडीत खूण म्हणून काठी रोवून ठेवावी आणि कांदे दाटीवाटीने राहू द्यावेत, दरवर्षी उपटून बघितले की ती रुसते.

रेन लिली तर अगदीच सोपी, कोरडी पडलेली कुंडी पहिल्या वळवाच्या सरीत भिजली की चारपाच दिवसांत गुलाबी-पांढरी फुलं. नळाचं पाणी घालून तेवढी फुलत नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण बहुधा आधी तिला पुरतं कोरडं होऊच दिलेलं नसतं. निशिगंध दादरच्या फूल मार्केटमध्ये जुडीने मिळतो म्हणून सगळ्यांना कुंडीत हवा असतो, पण त्याला पाचसहा तास थेट ऊन लागतं, चाळीच्या गॅलरीत किंवा उत्तरेच्या खिडकीत तो नुसतं गवत देतो. शिवाय त्याचा खरा बहर पावसाळ्यापासून पुढे.

सह्याद्रीतलेही कांदे आहेत, पावसाच्या तोंडावर फुलणारे, पण ते रानातून उपटून कुंडीत आणू नयेत, त्यातले काही फार थोड्या जागी उरलेत आणि कुंडीत बहुतेक जगत नाहीत. कळलावी मात्र बागांतून वाढवलेली मिळते, जमिनीखालचा तिचा कंद अतिशय विषारी असतो, लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात नको.

पावसाळा, किडी आणि सोसायटी

जुलैत लिलीच्या पानांवर काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या लिली मॉथच्या. त्या घोळक्याने पानाच्या टोकापासून खात खात मानेपर्यंत येतात आणि दोन दिवसांत कुंडी बोडकी करतात. औषध मारत बसण्यापेक्षा संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचून काढणं सोपं. कांद्याच्या थरांत पिठ्या ढेकूण लपतो, तो जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने जातो. पानांवर, दांड्यावर लाल चट्टे पडले तर ती बुरशी, ते पान काढायचं आणि वरून पाणी घालणं थांबवायचं.

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच ठेवावी. कांद्याला साचलेलं पाणी चालत नाही हे एक, आणि डेंग्यूचे डास त्याच बोटभर पाण्यात अंडी घालतात, महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक घरोघरी येऊन आधी ताटल्याच बघतात. ग्रिलमधल्या आणि कठड्यावरच्या कुंड्या तारेने बांधलेल्या हव्यात, खाली माणसं चालतात. गच्चीवर ठेवायच्या तर विटांवर उचलून, नाहीतर वरच्या मजल्याच्या छताला ओल आली की मीटिंगमध्ये विषय निघतो.

कांदे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बियाण्यांच्या दुकानांत, नर्सऱ्यांत आणि ऑनलाइन मिळतात. राणीच्या बागेत थंडीच्या शेवटी भरणाऱ्या फुलांच्या प्रदर्शनात कुंडीतली झाडं जवळून बघायला मिळतात. घेताना कांदा दाबून बघा, घट्ट आणि वजनदार हवा, बुडाशी मऊ लागला तर सोडून द्या, आणि मोठा एक घ्या पण बारके चार घेऊ नका. एप्रिलच्या युरोप टूरवरून येताना बॅगेत ट्यूलिपचे कांदे टाकून आणायचा मोह खूप जणांना होतो, तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परदेशातून लावायचे कांदे आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय आणलेले कांदे विमानतळावर जप्त होऊ शकतात.