जुनी पिकअप घरी दुरुस्त करताय? रंगाचा डबा उघडण्याआधी आरसी पुस्तक उघडा

जुनी पिकअप घरी उभी करायला घेतलेला माणूस आधी वेल्डर गाठतो, मग पेंटर, मग जुन्या बाजारातला पार्टवाला. आरटीओची आठवण येते ती शेवटी, गाडी रंगून चकचकीत झाल्यावर. हा क्रम उलटा हवा. गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येईल, साधी मालवाहू म्हणून पुन्हा रस्त्यावर आणता येईल, की अंगणात शोभेपुरतीच ठेवावी लागेल, हे कागदावर ठरतं. आणि दुरुस्ती त्या कागदाशी जुळेल अशीच करावी लागते.

एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. ‘१५ वर्षं झाली की गाडी भंगारात’ असा सरसकट कायदा महाराष्ट्रात किंवा गोव्यात खासगी मालकांसाठी नाही. वयावरून बंदीची जी चर्चा ऐकू येते ती मुख्यतः दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली आणि शुल्क भरलं, तर वय आड येत नाही.

व्हिंटेज नोंदणी कोणाला मिळते

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी ८१-अ पासून पुढचे नियम घातले. अटी मोजक्या आहेत. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली हवीत. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. आणि वाहन एल-१, एल-२ म्हणजे दुचाकी, किंवा एम-१ म्हणजे प्रवासी चारचाकी या वर्गातलं हवं.

पिकअपवाल्यांची गोची या तिसऱ्या अटीत आहे. लहान मालवाहू गाडीचा वर्ग एन-१. तो या यादीत नाही. म्हणजे १९६९ मध्ये आलेली बजाज टेम्पोची मॅटाडोर वयाच्या अटीत बसते, पण तिची मागे हौदा असलेली मालवाहू आवृत्ती वर्गाच्या अटीत अडकते. त्याच कंपनीची तीनचाकी हॅन्सेट तर दुचाकीही नाही आणि चारचाकीही नाही, तिचा प्रश्नच मिटला. १९८८ च्या टाटामोबाईलला ५० वर्षं भरायला २०३८ उजाडेल.

तरीही दार पूर्ण बंद नसतं. आरसीवर वाहनाचा वर्ग आणि बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे ते नीट वाचा. जुनी जीप खासगी वापराची मोटार म्हणून नोंदलेली असेल आणि तिची बॉडी कारखान्यातून आली तशीच असेल, तर अर्ज करून बघण्यात अर्थ आहे. उलट प्रकारही खूप सापडतो: कागदावर प्रवासी जीप, पण मागचा भाग कापून कोणीतरी गावातच हौदा बसवलेला. अशी गाडी वर्गाच्या अटीत बसते आणि मूळ स्वरूपाच्या अटीवर गळते. हौदा काढून मूळ बॉडी परत बसवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

पात्र ठरणाऱ्यांसाठी प्रक्रिया अशी. परिवहन पोर्टलवरून फॉर्म २० मध्ये अर्ज करायचा. सोबत विमा पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी, आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये. नोंदणी अधिकाऱ्याने ६० दिवसांत फॉर्म २३-अ मधलं प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि ते १० वर्षं चालतं. आधीचा नंबर असेल तर तो कायम ठेवता येतो. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी मालिकेतल्या नंबरांवर जीव असणाऱ्यांसाठी ही सवलत मोठी आहे. नव्याने नोंदणी झाली तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरी मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा मिळतो.

पण व्हिंटेज पाटी लागलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली आणि तिथे जाणं-येणं, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. बागेतून आंब्याच्या चार पेट्या आणायचा बेत असेल तर ही पाटी तुमच्यासाठी नाही. माझ्या मते बहुतेक पिकअपवाल्यांनी व्हिंटेजच्या मागे न लागता दुसरी वाट धरावी. ती कमी मिरवण्यासारखी असली तरी गाडी खऱ्या अर्थाने वापरता येते.

दुसरी वाट: मालवाहू म्हणूनच रस्त्यावर

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत फक्त माल नेण्यासाठी बनवलेली गाडी म्हणजे मालवाहू गाडी, आणि मालवाहू गाडी म्हणजे परिवहन वाहन. तुम्ही भाडं मारता की घरचंच सामान नेता, याचा इथे संबंध नाही. त्यामुळे पिकअपला १५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण हा प्रकार नसतो. तिला लागतं फिटनेस प्रमाणपत्र. कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसेल तर गाडी वैध नोंदणी असलेली मानलीच जात नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या परिवहन वाहनाला ते दरवर्षी घ्यावं लागतं.

यात दोन दिलासे आहेत. गाडीचं भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर कलम ६६ (३) प्रमाणे परमिट लागत नाही. जुन्या पिकअप बऱ्याचदा याच मर्यादेच्या आसपास असतात, म्हणून आरसीवरचा वजनाचा आकडा पाहून घ्या. आणि चालवायला वेगळा परवाना नको. साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आरसीवर गाडी खासगी, बिगर-परिवहन अशी असेल आणि तुम्हाला व्हिंटेज नको असेल, तर फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करता येतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या एलएमव्हीसाठी त्याचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. मुदत उलटून गेली असेल तर महिन्यागणिक विलंब शुल्क वेगळं.

कागदांची साखळी

खरं काम इथे आहे. इंजिन उघडण्यापेक्षा जास्त चिकाटी इथे लागते.

सुरुवात ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नंबर टाकून करा. संगणकीकरणाआधीच्या कितीतरी गाड्या तिथे दिसतच नाहीत. अशा वेळी गाडी जिथे नोंदली होती त्या आरटीओत मूळ आरसी पुस्तक घेऊन जा, नोंदवहीचा उतारा मागा आणि बॅकलॉग एन्ट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी अर्ज द्या. ही नोंद चढल्याशिवाय पुढचा कुठलाच ऑनलाइन अर्ज सरकत नाही. एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही मिळत नाही, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती आता बंधनकारक आहे. आरसी हरवलं असेल तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत घ्यायची, सोबत पोलिसांकडची हरवल्याची नोंद.

मग मालकी. विकणारा हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी. आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. भावंडांत एक जण जरी सहीला नाही म्हणाला तरी फाईल थांबते, म्हणून ही बोलणी गाडीवर पैसे घालण्याआधी करा. नंतर गाडी चमकायला लागली की हक्क आठवतात.

बाहेरच्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८ मधलं ना-हरकत प्रमाणपत्र. त्यावर चेसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. जुन्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी फॉर्म ३५ वर बँकेची सही हवी. बँकच राहिली नसेल तर ती ज्या बँकेत विलीन झाली तिच्याकडे जायचं. उदाहरणार्थ, देना बँकेचा बोजा असेल तर बँक ऑफ बडोदाकडे.

लिलावातल्या गाडीला दोन वेगळे नियम आहेत. लष्कराची डिस्पोजल, म्हणजे सेवेतून काढून लिलावात विकलेली गाडी असेल तर फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र हेच तिचं जन्मपत्र. ते नसेल तर व्यवहार करू नका. सरकारी खात्याची गाडी असेल तर जास्त जपून. नियम ५२-अ प्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम यांच्या नावावरच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी संपते, नूतनीकरण होत नाही, आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्याव्या लागतात. जिल्हा परिषदेच्या आवारात पडलेली जीप पिकअप कोणी ‘कागद करून देतो’ म्हणून विकत असेल तर त्या कागदाला अर्थ नाही. मात्र तीच गाडी फार पूर्वी लिलावात जाऊन खासगी नावावर चढलेली असेल, तर हा नियम तिला लागत नाही.

आणि थकलेला कर. गाडी वीस वर्षं गोठ्यात उभी होती, असं तोंडी सांगून तो माफ होत नाही. वापर बंद असल्याची लेखी सूचना त्या त्या वेळी दिलेली असावी लागते. वरून पर्यावरण कर असतो. आकडा आरटीओकडून लेखी घ्या. कधी कधी तो पाहूनच गाडी अंगणात ठेवायचा निर्णय होतो.

दुरुस्ती करताना कायद्याला जपायच्या जागा

चेसिस नंबर सगळ्यात आधी. सँडब्लास्टिंग करणाऱ्याला तेवढी जागा टेप लावून झाकायला सांगा, ग्राइंडर तिथे फिरू देऊ नका, आणि जाड पुट्टी-रंगाखाली नंबर गाडू नका. काम सुरू होण्याआधी त्याचे फोटो आणि पेन्सिल छाप काढून ठेवा. गंजाने आकडे गेले असतील तर गॅरेजमध्ये पुन्हा ठोकून घेण्याचा मोह टाळा. आधी निरीक्षकाला दाखवून परवानगीने री-पंचिंग करायचं, म्हणजे नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा. मनाने ठोकलेला नंबर हा चोरीच्या गाडीचा संशय असतो, आणि तो संशय मागे घ्यायला लावणं फार अवघड.

मग इंजिन. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधलं हरिकेन इंजिन काढून मॅटाडोरचं किंवा आणखी कुठलं डिझेल इंजिन टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. त्याची नोंद आरसीवर असेल तर फिटनेसच्या वाटेने निभावतं, व्हिंटेजचं नाव मात्र घेऊ नये. नोंदच नसेल तर गाडीतल्या बदलांवरचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. कलम १८२-अ प्रमाणे विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यापेक्षा मूळ इंजिनचं बोअरिंग करून घेणं स्वस्त.

रंगाचं त्यामानाने सोपं आहे. आरसीवर रंग लिहिलेला असतो. बदलणार असाल तर अर्ज करून नोंद करून घ्या, नाहीतर मूळ रंगच द्या. मूळ रंग दाराच्या आतल्या पट्टीखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे हमखास सापडतो.

विमा, पीयूसी, फिटनेस

किमान थर्ड पार्टी विमा लागतोच. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला त्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे, मालवाहूला नाही. इतक्या जुन्या गाडीचं मूल्य विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, त्यामुळे सर्वंकष विमा हवा असेल तर खर्चाची बिलं जपून ठेवा.

पीयूसीमध्ये भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर, म्हणजे इंजिन उभ्या गाडीत चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट जुळवलेला कार्बोरेटर आणि घट्ट एक्झॉस्ट असेल तर जुनं इंजिन यात बसतं. डिझेलच्या गाडीची धुराची घनता मोजतात. तिथे नोझल आणि पंप तपासून घेतलेले बरे.

फिटनेसला निरीक्षक, किंवा जिथे स्वयंचलित चाचणी केंद्र सुरू झालं आहे तिथे यंत्र, ब्रेक, स्टिअरिंगमधला खेळ, दिवे, इंडिकेटर, टायर, हॉर्न, वायपर, धूर पाहतं. जुन्या ड्रम ब्रेकची गाडी एका बाजूला ओढते आणि यंत्रावर नेमकी तिथेच सापडते, म्हणून चारही चाकांचे लायनर एकाच वेळी बदला. शुल्क गाडीच्या वयाप्रमाणे चढतं आणि अलीकडे वारंवार बदललं आहे. पोर्टलवर नंबर टाकल्यावर दिसेल ती रक्कम खरी. मुदत संपलेल्या फिटनेसला दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे, तीही हिशेबात धरा.

तपासणीला नेताना गाडी चालवत नेऊ नका. फिटनेस किंवा विमा नसताना वाटेत काही झालं तर भरपाई थेट मालकाच्या अंगावर येते. क्रेनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडीसोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती आणि मालकाचा आधार-पॅन द्या, आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून पाठवा.