मिस मार्पलच्या बोलण्याची पद्धत

मिस मार्पल ही अगाथा ख्रिस्तीची म्हातारी, अविवाहित डिटेक्टिव्ह, इंग्लंडमधल्या सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी. १९२७ च्या एका कथेत ती पहिल्यांदा आली, पहिली कादंबरी १९३० ची. हातात ना पोलिसांचा अधिकार ना लॅब, तिचा तपास सगळा बोलण्यातून आणि दुसऱ्याचं ऐकण्यातून चालतो.

बोलते कशी, तर अडखळत, वाक्य अर्धवट सोडत, मधेच गावातल्या कुणाची तरी गोष्ट काढत. त्या पहिल्याच कथेत मंडळी न सुटलेल्या गुन्ह्यांवर बोलायला क्लब काढतात आणि माणसं मोजताना तिलाच विसरतात, मग ती हसून सांगते की मला धरलं नाहीत. न सुटलेल्या रहस्यांचा विषय निघाला तर सांगते काय, एका बाईने सोललेली कोळंबी घेतली, आणखी दोन दुकानांत गेली आणि घरी येऊन बघते तर कोळंबी गायब! सगळ्यांना वाटतं म्हातारी भरकटली. पण समोरचा बेसावध राहतो तो याच गप्पांमुळे, म्हणून याला नुसती बडबड म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पुढे त्याच कथेत एका बाईचा खून येतो, आर्सेनिक या विषाने. तिच्या नवऱ्याच्या पत्राचे काही शब्द टीपकागदावर उमटलेले असतात, त्यात 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स'. ऐकणारे बाकीचे ते पैशांबद्दलच धरतात, फक्त मार्पलला ट्रायफल या गोड पदार्थावर पेरतात ते साखरेचे रंगीत दाणे आठवतात (इंग्लंडमध्ये त्यांना हेच म्हणतात) आणि विष त्यातूनच गेलेलं असतं. स्वयंपाकघरातली भाषा येत होती म्हणून केस सुटली, बाकी काही नाही.

१९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' मध्ये तर ती आवाजावर जाते. मरण्याआधी एक बाई ओरडलेली असते, 'शी वॉझन्ट देअर'. मार्पल विचारते, जोर नेमका कुठल्या शब्दावर होता? 'शी' वर असेल तर संशय एका ठराविक बाईवर जातो, 'देअर' वर असेल तर प्रश्न जागेचा होतो. त्या एका जोरावरून अर्थच बदलतो.

लेखिका पॅट्रिशिया वेंटवर्थची डिटेक्टिव्ह मिस सिल्व्हर (१९२८ पासून) मार्पलसारखीच विणकाम करणारी वयस्कर बाई, पण ती आधीची गव्हर्नेस, म्हणजे मुलांना घरी शिकवणारी, त्यामुळे वाक्यं नीट पूर्ण, मधेमधे कवी टेनिसनच्या ओळी, आणि काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी हलकंसं खोकणार.