डायलचा काटा हलला नाही, म्हणून ताण नाही?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्ड केलेला शाफ्ट तपासायची रीत ठरलेली: व्ही-ब्लॉकवर (इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवा, डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा, हाताने एक फेरा द्या. काटा फारसा हलला नाही की जॉब ओके. बाक पकडायला ही रीत उत्तमच. पण धातूच्या आत उरलेला ताण, म्हणजे अवशिष्ट ताण, डायलला दिसत नाही. सरळ जॉब बिनताणाचा, असं मुरलेली माणसंही धरून चालतात.

बाक हा आकारातला बदल. उरलेला ताण म्हणजे बाहेरचा भार नसताना एका भागात ओढ, दुसऱ्यात दाब, दोन्ही एकमेकांना तोलून. यंत्रमागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ओढलेला आणि सांगाडा दाबलेला असतो; माग मात्र जागेवरच. शिवाय वेल्ड करताना जॉब जितका घट्ट आवळाल, तितका बाक कमी आणि ताण बहुधा जास्त.

जेट इंजिनातल्या निकेल सुपरअलॉयच्या (प्रचंड उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या मिश्रधातूच्या) डिस्क इनर्शिया फ्रिक्शन वेल्डिंगने जोडतात, तिथे हे जिवावर बेतू शकतं. एक भाग फ्लायव्हीलसकट (जड चाकासकट) फिरतो, दुसरा त्यावर दाबतात. धातू वितळत नाही. घर्षणाने मऊ होतो आणि जास्तीचा धातू, म्हणजे फ्लॅश, बाहेर पडतो. जोडालगतची अरुंद पट्टी निवताना आकसू बघते, शेजारचा थंड धातू तिला आकसू देत नाही. परिघाच्या दिशेने ओढ उरते, काही मिश्रधातूंत १००० मेगापास्कलच्याही (ताण मोजायचं एकक) वर. फिरणाऱ्या डिस्कवर भाराची ओढही परिघाच्याच दिशेने. दोन्हींची बेरीज होते, आणि फटीग क्रॅकला, म्हणजे वारंवार भार पडून वाढणाऱ्या तड्याला, तेवढंच हवं असतं.

बाक थोडा असला तर मशिनिंगमध्ये निघतो. ताणाचं तसं नाही. एका बाजूचा धातू काढला की तोल बिघडतो आणि सरळ जॉब मशीनवरून उतरताना वाकलेला निघतो. ताण उतरवायला सहसा भट्टीच लागते. इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचं नेहमीचं एजिंग, म्हणजे ताकद आणण्यासाठी तापवून ठेवणं, ७२० अंश सेल्सिअसवर ८ तास, मग ६२० वर ८ तास. त्यात ताणही उतरतो, पण पुरता नाही. तापमान वाढवावं, तर ताकद देणारे सूक्ष्म कण जाड होतात. उष्णतेला न बधणारा धातू ताणही सहजी सोडत नाही, ही खरी अडचण.

खोलवरचा ताण न्यूट्रॉन किरणांनी, जॉब न कापता मोजतात. दुसरी रीत वायरकटची (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेची): जॉब आडवा कापायचा आणि कापलेल्या तोंडाची उंचसखल मोजायची. ओढ होती तिथे तोंड आत बसतं, दाब होता तिथे फुगतं.