पिंप नसलेलं इंजिन

चाळीत वाढलेल्या माणसाला पिंपाचं महत्त्व सांगावं लागत नाही. नळाला पाणी सकाळी तासभर. पुढचा सगळा दिवस घर चालतं ते पिंपावर. कार्ब्युरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भांड्याचं, जुनं इंजिन असंच चालतं. कार्ब्युरेटरच्या पोटात पेट्रोलचं एक छोटं भांडं असतं. भांडं भरलं की त्यातला फ्लोट (तरंगता गोळा) वर येतो आणि निडल (सुईसारखी झडप) दाबून वाट बंद करतो. फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. मागून येणारं पेट्रोल क्षणभर तुटलं तरी इंजिनाला पत्ता लागत नाही.

इंजेक्शनच्या इंजिनाकडे हे पिंप नाही. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, हे त्याचा कॉम्प्युटर दाब ठरलेला आहे असं धरूनच मोजतो. दाब घसरला की हिशेब चुकला.

म्हणूनच मारुतीच्या कार्ब्युरेटरवाल्या ७९६ सीसी ओम्नी व्हॅनमध्ये जुन्या ईकोचं ११९६ सीसीचं, इंजेक्शनचं इंजिन बसवायचं म्हटलं, की मी आधी टाकीपासून येणारी पेट्रोलची लाइन बघेन. (आरटीओची परवानगी त्याच्याही आधी, इंजिन परस्पर बदलता येत नाही.) कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. पाण्याच्या भाषेत हा अडीच मीटर उंचीचा दाब, म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या पिंपाचा. इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात: दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्याच्या नळाला जेवढा दाब येतो, तेवढा.

बारा पट दाबाने नळीच्या भोकातून गळणारं पेट्रोल बारा पट होत नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे साडेतीन पट. पण धोका नुसत्या प्रमाणात नाही. कमी दाबाला थेंब गळतो, जास्त दाबाला फवारा उडतो, आणि पेट्रोलचा फवारा ठिणगी मिळताच पेटतो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे हे सगळं चालकाच्या मांडीखाली. त्यामुळे जुनी रबरी नळी तशीच ठेवणं मला अक्षम्य वाटतं. नव्या नळीवर (होजवर) एसएई जे३० आर९ हे मानक छापलेलं हवं. त्याचं आतलं अस्तर फ्लुओरोरबरचं असतं, आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसमोरही ते टिकतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. क्लिपही कडा वळवलेली घ्यावी. खाचांची साधी क्लिप आवळताना होज कापते.

आता पंप. जुना पंप इंजिनावरच बसायचा, इंजिनाच्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावर चालायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढायचा. इंजेक्शनचा इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक एरवीच ३५ ते ४० अंशांच्या आसपास उकळू लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या व्हॅनच्या पोटाखाली याहून जास्त उष्मा असतो. नळीत वाफ झाली की पंप नुसताच घरघरतो. त्यामुळे पंप टाकीत किंवा टाकीला लागून, तिच्या तळाच्या पातळीवर बसवावा. टाकीत आडव्या पट्ट्या किंवा छोटा कप्पाही हवा. नाहीतर कमी पेट्रोल असताना वळणावर पंप हवा ओढतो आणि गाडी हिसके देते.

इंजिन आयडलवर असताना तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल घेतं. पंप तासाला शंभर लिटर देऊ शकतो. उरलेलं, दाब ठरलेला ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीत परततं. रिटर्नची नळी अरुंद असली तर ते तुंबतं आणि दाब ठरल्यापेक्षा चढतो.

जुना पंप इंजिन थांबलं की थांबायचा. नवा पंप थेट चावीला जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही तो तुटलेल्या नळीतून पेट्रोल फेकत राहील. त्याचा रिले (विजेचा स्विच) इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या ताब्यातच द्यावा: चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंप फिरतो, इंजिन फिरलं नाही तर बंद होतो. पहिल्या स्टार्टआधी चावी तीन-चार वेळा अशीच फिरवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघावा.

मुंबईत अशी व्हॅन बहुधा सीएनजीवरही पळते आणि टाकीत पेट्रोल नावापुरतं असतं. टाकीतल्या पंपाची मोटर त्या पेट्रोलनेच थंड राहते, आणि अनेक गाड्यांत ती सीएनजीवर असतानाही फिरत असते. निदान पाव टाकी भरलेली ठेवावी.